पाण्यातलं गायरान

बेटावर मला मिळालेलं पहिलं काम खुरपणीचं होतं, आणि तेही समुद्रातल्या खुरपणीचं. गावाकडं फोनवर सांगितलं तेव्हा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटलं मी मस्करी करतोय. म्हणाले, "समुद्रात जवारी पेरली का काय तुज्या सायबानं?"

त्याआधी मी नांदेडला एका नर्सरीत माळी होतो. पाऊस दरसाल पाठ फिरवायला लागला तशी बंगलेवाल्यांनी आधी लॉन सोडलं, मग गुलाब सोडले, आणि शेवटी नर्सरीच्या मालकानं आम्हाला सोडलं. चाळिशी उलटलेल्या माळ्याला कोण ठेवणार. मुलं लातूरला शिकायला ठेवलेली, बायको त्यांच्याजवळ भाड्याच्या खोलीत. अशात मालदीवमधल्या एका रिसॉर्टला बागेसाठी माणसं हवीत असं कळलं आणि मी गेलो. तोवर मी समुद्र पाहिलेला नव्हता. विमानाच्या खिडकीतून तो पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचं नव्हतं. एवढं पाणी एका जागी पडून असतं याचा मला राग आला होता.

बेट लहानसंच. पान लावून तोंडात टाकावं आणि ते चघळून संपायच्या आत चालत फेरी पूर्ण व्हावी, एवढं. किनाऱ्यालगत कंबरेइतकं संथ पाणी, तळाला पांढरी वाळू, आणि त्या वाळूत जागोजाग हिरवंगार गवत. शेवाळ नव्हे. मुळं असलेलं, पातीचं, खरं गवत. पाहुण्यांना ते आवडायचं नाही. त्यांना जाहिरातीत पाहिलेलं निळं-पांढरं पाणी हवं असायचं. गवताचा काळसर पट्टा दिसला की ते विचारायचे, इथलं पाणी घाण आहे का? म्हणून ते गवत काढायचं. मुकादमानं मला पाण्यात उतरवलं आणि बाकीची माणसं कशी काम करतात ते दाखवलं. बहुतेक बंगालकडची होती. ती पात मुठीत धरून ओढायची. पात तुटून हातात यायची, मूळ खालीच राहायचं, आणि थोड्याच दिवसांत गवत पुन्हा उभं.

मी हात खाली घातला, बोटांनी वाळू उकरली आणि मला हसू आलं. ती हरळी होती. म्हणजे हरळी नव्हती, पण चाल तीच. वाळूखाली गाठीगाठीची लांब मुळी, एकीतून दुसरी फुटलेली, दुसरीतून तिसरी. आमच्याकडं हरळीच्या मुळ्यांना काशा म्हणतात. काळ्या रानात हरळी शिरली की त्या काशा एकेक वेचून बांधावर टाकाव्या लागतात. बोटभर तुकडा मागं राहिला तरी तो पुन्हा पसरतो. आईनं मला लहानपणी हेच शिकवलं होतं. वरवर खुरपलेलं तिला चालायचं नाही. "हजामत करून राहिला का रानाची?" म्हणायची, आणि पुन्हा त्याच ओळीला बसवायची.

तर मी काशा काढल्या. रिसॉर्टच्या वर्कशॉपमध्ये एक पट्टी वाकवून लांब दांड्याचं खुरपं करून घेतलं. मी जिथून गेलो तिथं गवत परत आलं नाही. साहेब, म्हणजे रिसॉर्टचे मॅनेजर, स्वतः पाहायला आले. ते दिल्लीकडचे, उंच, सदा इस्त्रीच्या कपड्यांतले. बूट हातात घेऊन पाण्याच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, असं काम इथं कुणी केलं नव्हतं. मग त्या टोळीचा प्रमुख मला केलं. मी बायकोला फोटो पाठवला. तळहातासारखं स्वच्छ रान, फक्त पाण्याखालचं. तिनं उत्तर पाठवलं, "एवढं पाणी. एक घागर पाठवा इकडं."

पुढच्या पावसाळ्यात किनारा खचायला लागला. आम्ही जिथं साफ केलं होतं नेमक्या तिथली वाळू लाटांबरोबर जायची. नारळाची मुळं उघडी पडली. पंप लावून दुसरीकडची वाळू आणून टाकली, तीही गेली. याचा गवताशी संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि माझ्याही आलं नाही, हे मला अजून टोचतं. कारण आमच्याकडं रानातली हरळी काढतात, पण बांधावरची कधीच काढत नाहीत. बांध तीच धरून ठेवते. हे मला पोरवयापासून माहीत होतं. समुद्रालाही बांध असतो, हे मात्र डोक्यात आलं नाही.

पावसाळा संपल्यावर मॅडम आल्या. तमिळनाडूकडच्या, समुद्रातल्या जीवांचं शिक्षण घेतलेल्या, वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. आता पाहुणेच विचारायला लागले होते की तुम्ही समुद्रासाठी काय करता, म्हणून मालकांनी त्यांना नेमलं होतं. त्यांनी प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्या, लोखंडी चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून ते वाढवायला ठेवले, आणि आमची खुरपणी थांबवली. टोळीला ओळीनं उभं करून त्यांनी हिंदीत विचारलं, "इतकं मुळापासून कुणी काढलं?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला. खरं सांगायचं तर शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला पाण्यात पाहायचा चष्मा दिला आणि बेटाच्या पूर्वेला घेऊन गेल्या. तिथं अजून आमचा हात पोचला नव्हता. गवत दाट होतं, आणि त्यात एक कासवीण चरत होती. दुसरा शब्दच नाही त्याला. मान खाली, एक हिसका, पुढचे दोन्ही पाय रेटून जरा पुढं, पुन्हा मान खाली. दाव्याला बांधलेलं जनावर जसं एकाच पट्ट्यात फिरतं तशी ती एका पट्ट्यात फिरत होती. ती गेल्यावर मी तिचा पट्टा हातानं चाचपून पाहिला. पात वरून एकसारखी कुरतडलेली, मूळ जागच्या जागी.

वर आल्यावर मॅडम मोडक्या हिंदीत समजावायला लागल्या. "ये इनका... इनका..." शब्द सापडेना.

"चारा," मी म्हणालो.

"हां, चारा."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चारा हा शब्द तेव्हा आमच्या घरात कसा फिरत होता ते मलाच माहीत. दिवाळीनंतरच आप्पा दोन बैल आणि एक गाय घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते. दुष्काळात सरकारकडून अशा छावण्या उघडतात. जनावरं तिथं बांधायची, मोजून चारा-पाणी मिळतो, आणि मालकानं जनावराशेजारी पाल ठोकून राहायचं. आई नाही, भाऊ पुण्याला, मी असा समुद्रात. आप्पा एकटे होते. आणि मी इथं पगार घेऊन चारा उपटत होतो, मुळासकट, अभिमानानं.

दुपारच्या सुट्टीत धक्क्याच्या टोकाला जाऊन मी त्यांना फोन करायचो. तिथं रेंज बरी होती. पण एका जागी बसून मला बोलता यायचं नाही. धक्क्यावर येरझारा घालत बोलायचो.

"आप्पा, जेवलात का?"

"जेवलो. बैल जेवले म्हनून मी जेवलो."

"छावणीत किती दिवस राहणार? गायरानात काहीच नाही का?"

"गायरान कुठं ऱ्हाईलं आता? तिथं कचेरी होऊन राहिली."

आमचं गाव उदगीरच्या अंगाला, पण बाजार मुखेडचा. लातूर आणि नांदेड दोन्ही जिल्ह्यांच्या काठावरचं. उदगीर नवा जिल्हा होणार ही चर्चा आमच्याकडं कायमची. त्या वर्षी मोजणीवाले येऊन गायरानात दगड रोवून गेले. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली पडीक जमीन. दगड रोवल्यावर तिथं गुरं घालायला बंदी झाली. कचेरीची वीटही आली नव्हती.

"जिल्हा कधी होणार म्हणे?"

"आधी सव्वीस जानेवारी म्हनले. आता एक मे म्हनून राहिले. बैलालाबी जिल्हा कसा लागतो तोंडाला ते कळू दे एकदा."

आप्पा हसले. मला हसता आलं नाही.

बेटावर माझ्याशी मराठी बोलणारा एकच माणूस होता, स्वयंपाकघरातला आचारी, देगलूरचा. माझी सासुरवाडी त्याच्या गावाशेजारची, म्हणून मी त्याचा दाजी. चिडला की तो तेलुगूत जायचा आणि 'बावा' म्हणायचा. अर्थ तोच. येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येला, त्यानं कुठून कुठून डाळी जमवून, भाज्यांबरोबर शिजवून भज्जी केली, ताकात जवारीचं पीठ नसल्यामुळं दुसरंच कसलं तरी पीठ घालून आंबील केली, आणि दुपारी डबा घेऊन माझ्या खोलीशी आला.

"चला दाजी. रानात."

येळवशीला घरात कुणी जेवत नाही. सगळं गाव रानात जातं, पांडवांची पूजा करतं, पिकावर आंबील शिंपडतं आणि तिथंच पंगती बसतात. पण बेटावर रान कुठलं?

"रान कुठंय?" मी विचारलं.

"तुम्ही माळी हाव का मी? तुम्हीच सांगा."

मला काय सुचलं कोण जाणे. म्हणालो, "रान नाही, पण गायरान आहे. चल."

आम्ही पूर्वेच्या किनाऱ्यावर गेलो. अमावस्येची ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, गवताचे शेंडे वर दिसत होते. नारळाखाली पाच खडे मांडले, हात जोडले. मग तो गुडघाभर पाण्यात गेला आणि लहानपणी ऐकलेलं कानडीतलं काहीतरी अर्धवट म्हणत आंबील शिंपडायला लागला. मीही शिंपडली. तेवढ्यात मागून मॅडमचा आवाज आला, पाण्यात अन्न का टाकताय म्हणून. आचाऱ्यानं भांडं पाठीमागं लपवलं. मी सांगायचा प्रयत्न केला, हे गायरान आहे, आज त्याचा सण आहे. त्यांनी शब्द पुन्हा विचारला. मी सांगितलं, जिथं कुणाचंही जनावर चरू शकतं आणि कुणी नांगर घालायचा नाही, अशी जागा.

"गायरान," त्या म्हणाल्या. मग आमच्याबरोबर वाळूत बसून भज्जी खाल्ली आणि बजावलं की ताक समुद्रात टाकायचं नाही, सण असला तरी.

शब्द मात्र तिथंच चिकटला. बंगाली पोरं 'गाईरान' म्हणायला लागली. बोटवाले म्हणायला लागले. मॅडमनी किनाऱ्यावर लावलेल्या फलकावरही तो शब्द आला, आणि पाहुण्यांना फिरवणारा माणूस त्याचा अर्थ काहीतरी भलताच, कासवांच्या राणीबिणीचा सांगायचा. आम्ही उघड्या पडलेल्या वाळूत गवत लावायला सुरुवात केली. पूर्वेकडून काशा आणायच्या, वाळूत दाबायच्या, तारेच्या आकड्यानं धरून ठेवायच्या. जे मी काढलं होतं तेच मी लावत होतो. बरंचसं वाहून जायचं. काढायला लागला होता त्याच्यापेक्षा किती तरी जास्त वेळ लावायला लागत होता. पण पूर्वेचं गवत शाबूत होतं, तोवर बियाणं होतं. ते गेलं असतं तर सगळंच गेलं असतं. ती कासवीणही.

उन्हाळ्यात आप्पांचा फोन आला. एरवी मीच करायचो. छावणी बंद होणार अशी आवई उठली होती.

"बैलं बाजारात न्यावी लागतील," ते म्हणाले. "मुखेडला नेऊ का उदगीरला, कळंना. तू येतोस का?"

आप्पांनी मला कधी ये म्हटलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नव्हतं म्हटलं.

"येतो," मी म्हणालो. "दोन-चार दिवसांत निघतो. तोवर नेऊ नका."

सुट्टी मागायला साहेबांकडं गेलो तर ते माझीच वाट पाहत होते. एका श्रीमंत कुटुंबानं लग्नासाठी सगळं बेट घेतलं होतं. पूर्वेला पाण्यात खांबांवर नव्या खोल्या बांधून झाल्या होत्या, आणि लग्न त्यांच्यासमोर लागणार होतं. तिथंच गायरान होतं. मॅडम प्रशिक्षणासाठी राजधानीला गेलेल्या.

"फक्त खोल्यांसमोरचा पट्टा," साहेब म्हणाले. "तुझ्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही."

"मॅडम येऊ देत, साहेब."

"लग्न त्याआधी आहे. त्यांच्याशी मी बोलेन."

"मला गावी जायचंय. वडील एकटे आहेत."

"पट्टा झाला की जा. मी स्वतः बोटीत बसवतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मलाही वर उत्तर द्यावं लागतं रे."

ते वाईट नव्हते. आचाऱ्याचा हात भाजला तेव्हा त्यांनी स्वतःची बोट देऊन त्याला दवाखान्यात पाठवलं होतं. म्हणून त्यांना नाही म्हणणं आणखी अवघड होतं.

मॅडमचा नंबर माझ्याकडं होता. मी धक्क्यावर गेलो, फोन काढला, परत खिशात ठेवला. पुन्हा काढला. त्यांना कळवलं असतं तर त्यांनी हे थांबवलं असतं, किंवा थांबवायचा प्रयत्न केला असता, आणि माझी सुट्टी त्या भांडणात अडकली असती. हा हिशेब मी केला. तो चुकीचा होता का, मला आजही ठरवता येत नाही. येरझारा घालून घालून पाय दुखले, पण फोन केला नाही.

सकाळी टोळी घेऊन पाण्यात उतरलो. लांब दांड्याचं खुरपं हातात होतं. खाली वाकलो तर कासविणीचा पट्टा समोरच होता, वरून कुरतडलेला, आणि त्याच्यात नवी पात फुटायला लागलेली. मी उभा राहिलो. माणसं माझ्याकडं पाहत होती. मी खुरपं किनाऱ्यावर फेकलं आणि बागेतून विळे आणायला सांगितलं.

"जड़ नहीं निकालना?" एकानं विचारलं.

"नाही. वरून कापायचं. तिनं ठेवलंय तेवढं खाली ठेवायचं."

ती पोरं हसायला लागली. ज्या माणसानं त्यांना काशा काढायला शिकवलं तोच आता हजामत करायला सांगत होता. आचारी चहा घेऊन आला आणि पाहत राहिला.

"काय दाजी, समुद्राची दाढी करून राहिले का?"

"गप."

"साहेबाला कळलं तर?"

"कापलं की खालची वाळू पांढरीच दिसते. लग्नापुरतं दिसेल."

"आन् मंग?"

मी विळा पुन्हा पाण्यात घातला. कापलेली पात पाण्यावर तरंगत होती, ती जाळ्यांनी गोळा करून टोपल्या भरून काढत होतो. टोपली किनाऱ्यावर रिकामी करताना त्या ओल्या हिरव्या ढिगाकडं माझं लक्ष जायचं आणि मी मान फिरवायचो. छावणीत ढीग असाच पडतो म्हणे, आणि त्याच्याभोवती माणसं उभी असतात. खोल्यांच्या खांबांपलीकडचा एक भाग मी तसाच सोडला. साहेबांना सांगितलं, तिथं ओढ जास्त आहे, माणसं वाहून जातील. हे खोटं होतं. आठवड्यानं पट्टा संपला, त्या संध्याकाळी ते पाहायला आले. कमी उन्हात वाळू फिकट दिसत होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मला बोटीत बसवलं, म्हटल्याप्रमाणं स्वतः.

हैदराबादला उतरलो, तिथून बिदरवरून उदगीरची बस धरली. खिडकीतून रानं दिसत होती, भाजलेली, तडकलेली. शेजारचा माणूस विचारत होता, कुठून आलात. मी सांगितलं, बेटावरून. तो म्हणाला, "मंग पान्यात ऱ्हाता म्हना की." मी हो म्हणालो आणि उगाच पिशवीचा बंद सोडत-बांधत बसलो.

आप्पा छावणीत नव्हते. छावणी बंद झालीच नव्हती, ती नुसती आवईच होती. पण एकदा सोडलेली जागा परत मिळत नव्हती, म्हणून गाय घेऊन ते घरी होते, ओट्यावर.

"बैल?"

"गेले."

"मी थांबा म्हणालो होतो."

"थांबलो. मंग बंद हुनार म्हनून सगळेच निघाले. समद्यांनी नेल्यावर भाव पडतो, म्हनून नेले." मग म्हणाले, "घेनारा देगलूरकडचा मानूस हाय. पानी हाय म्हनला त्याच्याकडं."

"खरंच आहे का?"

"म्हनला तसं."

पट्टा कापायला लागलेले दिवस मी मनातल्या मनात उलटे मोजले. निघतो म्हणालो त्या दिवशी निघालो असतो तर पोचलो असतो. मग मोजणं सोडून दिलं, मग पुन्हा मोजलं. आप्पांनी विचारलं नाही की उशीर का झाला. मीच सांगितलं. गवत, कासवीण, लग्न, विळे, सगळं. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "तुज्या मॅडमला सांगितलंस?"

"नाही."

"मंग सांगावं लागंल की."

लातूरला बायको-मुलांकडं जाऊन आलो. रेल्वेनं पाणी आल्याचं सगळं शहर बोलत होतं, गल्लीत मात्र घागरींची रांग तशीच होती. तिथंही मला एका जागी बसवेना. मी रांगेत उभा राहायला निघालो तर बायको म्हणाली, "तुम्ही ऱ्हाऊ द्या, नवा मानूस दिसला की बाया भांडतात."

परतायचे दिवस जवळ आले तेव्हा आचाऱ्याचा फोन आला.

"दाजी, उगवून राहिलं."

"किती?"

"चांगलं बोटभर. खोल्यांसमोर परत काळं दिसून राहिलं. साहेब तुमची आठवण काढून राहिले, पर बऱ्या तोंडानं न्हाई."

"आणि ती?"

"कोन ती? कासव? ती त्या खांबापल्याडच्या तुकड्यात ऱ्हाते. तिकडं लई खाल्लं तिनं. तुकडा लहान हाय ना बावा, बारीक होऊन गेला."

तो बावा म्हणाला, म्हणजे चिडला होता.

"मॅडम आल्या का?"

"आल्या. आल्या आल्या पान्यात उतरल्या. वर येऊन विचारलं, हे कुनी कापलं?"

"मग?"

"मी म्हनलो, दाजी आले की त्यांनाच विचारा."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पा घरात नव्हते. शोधत गेलो तर गावाच्या टाकीपाशी सापडले. टँकर तिथं रिकामा होतो. पाइपातून सांडलेल्या पाण्यानं टाकीच्या कडेला हरळी धरली होती, अंथरुणाएवढी. साऱ्या शिवारात तेवढंच हिरवं. ज्या माणसानं जन्मभर रानातली हरळी खणून काढली तो गाईचं दावं हातात धरून ती चारत उभा होता. मागं गायरानात मोजणीचे दगड पांढरे दिसत होते, एक मे होऊन गेला तरी नुसतेच.

गाय जीभ लावून ओढत होती. माती वरून सुटी, त्यामुळं एखादी काशी सबंध वर यायला लागली की आप्पा दावं हिसकून तिला पुढं घ्यायचे. ती पुन्हा मागं वळायची, ते पुन्हा ओढायचे.

"द्या इकडं," मी म्हणालो आणि दावं घेतलं.

"उद्या कितीची गाडी?"

"सकाळची."

"सांगशील ना तुज्या मॅडमला?"

"सांगतो."

"ती काय करंल?"

"माहीत नाही. कामावरून काढूनही टाकतील. साहेब तर काढतीलच बहुतेक."

आप्पा टाकीच्या सावलीत बसले. टाकीखालचा सगळा तुकडा चरून झाला तर उद्या गाईला काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. गाय मान खाली घालून पुन्हा त्याच जागी आली. पातीबरोबर काशीचं टोक मातीतून वर येताना दिसलं. मी दावं आखडलं. तिनं जोर लावला, मीही लावला, आणि ती पुढं सरकेपर्यंत तसाच धरून उभा राहिलो.